सही करायच्या आधी

सानू,

काल फोनवर तू "आई फक्त हो म्हण ना" म्हणालीस आणि मी "बघू" म्हटलं, त्याचा तुला राग आला हे कळलं मला. होस्टेलच्या फोनवर दहा मिनिटांत हे बोलून होत नाही आणि मागे तुझ्या मैत्रिणी रांगेत उभ्या, म्हणून लिहितेय. मोठं होईल, पण पूर्ण वाच. मी बँकेत आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या तपासते, त्यामुळे कागद वाचल्याशिवाय स्वतःची सही होत नाही माझ्याकडून आणि त्या अर्ली डिसिजनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या एकाच कॉलेजला नोव्हेंबरमध्येच अर्ज करून घेतलं तर तिथेच येईन असं वचन द्यायच्या, करारावर तुझ्यासोबत पालकांची सही लागते, तुमच्या काउन्सेलर मॅडमची पण.

आधी तुझा मुद्दा. अर्ली डिसिजनने चान्स वाढतो का? वाढतो, मी नाही म्हणतच नाहीये. तुझ्या त्या ब्राउन युनिव्हर्सिटीचंच बघ, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ज्यांनी अर्ली भरलं ते पाच हजारांच्या थोडे वर, त्यातले ९०६ घेतले, म्हणजे १८ टक्के. आणि त्या वर्षी सगळे अर्ज मिळून बेचाळीस हजारांच्या वर आणि रेट ५.६५ टक्के. तू हेच दोन आकडे शेजारी ठेवून मला म्हणालीस तिप्पट चान्स. तसं नसतं गं ते. त्या ९०६ मध्ये कोचने आधीच हेरून ठेवलेले खेळाडू असतात, आईबाबा तिथेच शिकलेली मुलं असतात, आणि जी मुलं एक तारखेलाच सगळं तयार ठेवतात ती मुळातच जास्त तयारीची असतात. ही सगळी बाजूला काढली की तुझ्यासारखीच्या वाट्याला किती उरतं ते कॉलेज सांगत नाही. २००३ मध्ये हार्वर्डच्या काही अभ्यासकांनी नावाजलेल्या चौदा कॉलेजांचा डेटा काढून सारख्या प्रोफाइलची मुलं ताडून बघितली होती, तर लवकर भरणं म्हणजे सॅट या प्रवेश परीक्षेत साधारण १०० मार्क जास्त असल्यासारखं निघालं. जुनं आहे ते आता, पण फायदा खरा आहे एवढं त्यातून कळतं, फक्त तिप्पट वगैरे धरून चालू नकोस.

आणि कॉलेज हा फायदा देतं कशासाठी? त्यांना खात्री पाहिजे असते की बोलावलेली मुलगी येणारच. आपल्याकडे कॅप राउंडला पहिला प्रेफरन्स लागला की सीट फ्रीज होते ना, तसंच, फक्त इथे यादीत एकच नाव आणि मेरिट लिस्ट नाही. लागलं की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे.

आता पैसे. वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या वर, म्हणजे पाऊण कोटीच्या पुढे, चार वर्षं. आपल्याला एड, म्हणजे कॉलेजकडून फीसाठी मदत, लागणारच, त्यात लाजायचं काही नाही. पण मग कुठे अर्ली भरतेस हे फार महत्त्वाचं होतं. निखिलदादा तुला म्हणतोय पेनला, म्हणजे पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीला, भर, तिथे जवळजवळ अर्धा वर्ग अर्लीतूनच भरतात. खरंय ते. पण पेन अमेरिका, कॅनडा, मेक्सिको सोडून बाकीच्या मुलांचा अर्ज वाचताना तू पैसे मागतेयस का हे बघतं, म्हणजे अर्लीने जे मिळवलं ते एडच्या रकान्यात टिक केल्यावर किती टिकेल देव जाणे. (दादाची फी काकांनी भरली, हे त्याच्या सल्ल्यातून वजा कर.) ब्राउनने २०२४ च्या अर्जांपासून बाहेरच्या मुलांसाठी पण हे बघणं बंद केलं, डार्टमथने २०२२ मध्येच केलं. आणि "आत्ता एड नको लिहू, मग मागू" ही तुझी आयडिया डोक्यातून काढ, बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या मुलांनी अर्जासोबत नाही मागितलं तर नंतर मिळतच नाही.

माझी खरी धास्ती वेगळीच आहे. एड पुरत नसेल तर करारातून सुटता येतं, हे मी वाचलं. पण आपल्याला किती झेपतं ते ठरवणार त्यांचा फॉर्म्युला. सीएसएस प्रोफाइलमध्ये, म्हणजे एडसाठी भरायच्या फॉर्ममध्ये, घर, एफडी, गावची जमीन सगळं विचारतात. सातबाऱ्यावर बाबांचं नाव आहे, कागदावर त्या जमिनीची किंमत मोठी दिसते, पण ती विकून फी भरायची नाहीये, आजोबा अजून तिथे द्राक्षं घेतात. साधा अर्ज असता तर मार्चमध्ये तीन-चार कॉलेजांचे आकडे समोर ठेवून निवडता आलं असतं, आणि दुसऱ्याचं पत्र दाखवून पहिल्याला विनंती करता आली असती. अर्लीत एकच आकडा येतो डिसेंबरच्या मध्यात आणि तोंड बंद. पैसेवाल्यांना याचं काहीच नाही, म्हणून हा सगळा प्रकार मला फारसा आवडत नाही, ते असो.

तर माझं म्हणणं असं. ब्राउन खरंच पहिलं असेल, म्हणजे निखिलदादा म्हणतो म्हणून नाही, तिथे तुला विषय हवे तसे घेऊन शिकता येतात म्हणून, तर मी सही करते. पेनच्या कागदावर नाही करणार. मॅडमना आधी विचार की आपल्या शाळेतून एड घेऊन कोणी गेलंय का आणि घरून किती भरावं लागलं. ब्राउनच्या एड ऑफिसला मी स्वतः मेल टाकते, जमिनीचं काय धरतात ते विचारते, उत्तर आलं की तुला कळवते. त्यांचं एडचा अंदाज देणारं कॅल्क्युलेटर मुख्यतः तिथल्या लोकांसाठी आहे, त्यावर मी विसंबणार नाही.

आणि बाकीचे निबंध डिसेंबरपर्यंत लिहून ठेव. नाही लागलं तर पंधरा दिवसांत सात-आठ अर्ज भरायचे आणि पुढे बोर्डाची परीक्षा, तेव्हा रडत बसायला वेळ नसेल. बाबांचे आयटी रिटर्न आणि फॉर्म १६ मी स्कॅन करून ड्राइव्हवर टाकलेत, पासवर्ड तोच. रविवारी फोन कर, आजोबांशी पण बोल, ते विचारतायत.

आई