खालच्या मजल्यावरच्या काकूंना

आदरणीय काकूंना,
साष्टांग नमस्कार.

एका जिन्याच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला पत्र लिहायचं, आणि तेही चारचौघांनी वाचावं असं, हे तुम्हाला मुळीच रुचणार नाही. पण समोर येऊन आभार मानायला लागले की तुम्ही "पुरे आता" म्हणून विषय बदलता. आजवर तीनदा झालंय. शिवाय घराच्या विम्याचा क्लेम अडकलेली माणसं मला आता जागोजागी भेटतात आणि प्रत्येकाला मी तुमचीच वाक्यं ऐकवत असते. म्हटलं, ती कुणाची आहेत हे एकदा सांगून टाकावं.

त्या शनिवारी रात्री अकराला तुमचा फोन आला तेव्हा आम्ही परगावी होतो. तोवर आपली ओळख म्हणजे जिन्यातला नमस्कार. तुमच्या छतातून पाणी ठिबकत होतं. दुसरं कुणी असतं तर आधी आवाज चढवला असता. तुम्ही विचारलंत, "तुमच्या घराचा मेन व्हॉल्व्ह डक्टमध्ये कुठला?" तो बंद करून घेतलात, आमच्या घराची वीज मीटरपाशी तोडायला लावलीत आणि मग म्हणालात, "आता सावकाश या. घाईत गाडी चालवू नका."

रविवारी दुपारी आम्ही दार उघडलं. गिझरच्या मागचा पितळी एल्बो, म्हणजे पाइपचा काटकोनी जोड, तुटला होता. झोपायच्या खोलीतली लाकडी फरशी पोट वर काढून बसली होती आणि कपाटाच्या तळाचे प्लायचे थर एकेक करून सुटले होते. मी थेट पोछा आणि बादली उचलली. तुम्ही दारातूनच म्हणालात, "थांबा. आधी फोटो." दारातून एक, प्रत्येक कोपऱ्यातून एक, आणि भिंतीवर पाणी जिथवर चढलं होतं त्या रेघेला फूटपट्टी लावून एक. मग मात्र पाणी उपसायला तुम्हीच घाई केलीत. नुकसान मोजणारा सर्व्हेअर येईपर्यंत सगळं तसंच ठेवायचं असतं, असा माझा समज होता. तुम्ही म्हणालात, "नुकसान वाढू न देणं हे विमा घेतलेल्या माणसाचं काम आहे. उद्या फरशी कुजली तर ते विचारतील, पाणी का नाही काढलंत?"

आणि तो एल्बो. प्लंबरने नवा बसवला आणि जुना सवयीने खिशात टाकला. तुम्ही हात पुढे केलात. बिचारा ओशाळला. तुम्ही तो तुकडा पिशवीत घालून वर तारखेची चिठ्ठी लावलीत. तेव्हा मला तुमचं थोडं हसूच आलं होतं, हे आज कबूल करते. तुमची सगळी नोकरी विमा कंपनीच्या क्लेम विभागात गेली, हे मला तोवर माहीत नव्हतं.

खरी चूक मी आधीच करून ठेवली होती. कंपनीला फोन करताना मी सांगितलं, "घरात गळती झालीय." आपण बोलतोच तसं. नळ गळतो, छत गळतं, पाइप गळतो. पलीकडच्या मुलीने तेच टाइप केलं. त्यानंतर तिघांचे फोन आले, तिघांनी पहिल्यापासून हकिगत विचारली आणि तिघांनाही मी तोच शब्द दिला. मग पत्र आलं: हळूहळू झिरपणाऱ्या पाण्याने झालेलं नुकसान पॉलिसीत बसत नाही, सबब दावा नामंजूर.

मी ते पत्र घेऊन तणतणत खाली आले. उत्तरही लिहून आणलं होतं, चांगलं दोन पानी. तुम्ही चष्मा लावून ते शांतपणे वाचलंत आणि विचारलंत, "पॉलिसी कुठाय?" मी दिलेला कागद उलटसुलट बघून म्हणालात, "हे नुसतं शेड्यूल आहे, नाव-पत्ता-रकमेचा तक्ता. अटींचं पुस्तक?" ते मी कधी उघडलंच नव्हतं. हप्ता भरल्याच्या दिवशी आलेल्या ईमेलला ते जोडलेलं होतं आणि तिथेच पडून होतं.

तुम्ही ते मागून वाचायला घेतलंत. आधी काय मिळणार नाही ते, मग काय मिळणार ते. पेन्सिलीने दोन ठिकाणी रेघ मारलीत. एका ठिकाणी झीज, गंज, झिरपणं, म्हणजे काळाने हळूहळू होणारं सगळं वगळलेलं होतं. दुसऱ्या ठिकाणी पाण्याच्या टाक्या आणि पाइप अचानक फुटून होणारं नुकसान समाविष्ट होतं. "तुमचा पाइप गळला की फुटला?" मी म्हटलं, "फुटला." "मग गळती कशाला म्हणालात?"

पण नुसतं 'फुटला' म्हणून भागणार नव्हतं. ते अचानक घडलं, हे दाखवावं लागणार होतं. आणि तिथे तुम्ही जे केलंत त्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

शुक्रवारी तुम्ही पंखा पुसून घेतला होता. स्टुलावर चढलेल्या माणसाच्या डोक्यावर तेव्हा छत कोरडं आणि पांढरं होतं. शनिवारी रात्री त्याच जागी पाणी. महिनोन् महिने झिरपत असतं तर तिथे आधीच पिवळे डाग पडले असते, रंगाला फोड आले असते. हे तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून, सही करून दिलंत. ज्या बाईचं छत आमच्यामुळे भिजलं, तिनेच आमची साक्ष दिली.

वर हेही सांगितलंत की, तुम्ही तुमच्या पॉलिसीवर क्लेम केलात तर तुमची कंपनी तुम्हाला पैसे देऊन ते आमच्याकडून वसूल करायला येऊ शकते, आमची हयगय सिद्ध झाली तर. सब्रोगेशन. हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला आणि घशाला कोरड पडली. तुम्ही हसून म्हणालात, "घाबरू नका. प्रत्येक क्लेममध्ये पहिली काही रक्कम आपणच सोसायची असते, ती वजावट. माझं नुकसान वजावटीच्या रकमेच्या आतलंच आहे. क्लेम करून हाती काही येणार नाही."

माझ्या दोन पानांच्या ठिकाणी तुम्ही अकरा ओळी लिहायला लावल्यात. 'निर्लज्ज' गेलं, 'लुटारू' गेलं, "आम्ही इतकी वर्षं इमाने इतबारे हप्ते भरले" हेही गेलं. ते वाक्य मला फार आवडलं होतं. "हप्ते सगळेच भरतात," तुम्ही म्हणालात. उरलं ते एवढंच: घर कधी बंद केलं, पाणी कधी दिसलं, व्हॉल्व्ह कधी बंद झाला, पॉलिसीचं कुठलं कलम लागू आहे आणि सोबत काय जोडलंय. शेवटी एक विनंती, की नामंजुरी कायम ठेवायची असेल तर कारणं लेखी द्यावीत. पंधराव्या दिवशी सर्व्हेअर दारात हजर.

तो येण्याआधी तुम्ही आमचा वर्ग घेतलात. तो शत्रू नाही, मोजायला येतो. जेवढं विचारेल तेवढंच सांगायचं. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणायचं. त्याने फरशी ठोकून पाहिली, कपाट मोजलं आणि मग विचारलं, "तुटलेला पार्ट फेकला असेल ना?" मी पिशवी पुढे केली. खिडकीपाशी जाऊन त्याने एल्बो उजेडात फिरवून पाहिला. बाहेरून काळपट, पण तुटलेली कड पिवळीधमक. जुन्या भेगेत धरतो तसा हिरवा गंज कुठेही नव्हता. तो काही बोलला नाही, चार फोटो काढले. त्याने चिठ्ठीवरची तारीखही वाचली. मला तुमच्याकडे बघायचा मोह झाला, पण तुम्ही त्या वेळी मुद्दाम तिथे नव्हतात.

इथे आमचं एक पाप सांगून टाकते. यादी करताना ह्यांच्या मनात आलं की, बंद पडलेलं वॉशिंग मशीनही लिहून टाकावं. तेही भिजलंच होतं ना! तुम्ही पेन खाली ठेवलंत. रागावला नाहीत. इंग्लंडमधला 1883 सालचा एक खटला सांगितलात, कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन. एकाने घर विकायचा करार केला आणि व्यवहार पुरा व्हायच्या आत घराला आग लागली. विमा कंपनीने भरपाई दिली, पुढे घेणाऱ्यानेही ठरलेली पूर्ण किंमत दिली. दोन्हीकडून पैसे मिळाले म्हणून माणूस खुश. कोर्टाने कंपनीचे पैसे परत करायला लावले. "विमा नुकसान भरून देतो, कमाई करून देत नाही," म्हणालात. मग खालच्या आवाजात, "आणि एक खोटी ओळ सापडली तर खऱ्या नऊ ओळीही जातात." ह्यांनी मशीन स्वतःच खोडलं. अजून तुमच्यासमोर यायला जरा बिचकतात.

पैसे पूर्ण मिळणार नाहीत, हेही आधी तुम्हीच सांगितलंत. बाकी सगळे "मिळतील हो" म्हणत होते. तुम्ही पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडलेत. घर नव्याने बांधायला 100 लागणार असतील आणि विमा 70 चाच काढला असेल, तर उरलेल्या 30 ची जोखीम तुम्ही स्वतःकडे ठेवली, असं कंपनी धरते. मग नुकसान 10 चं झालं तरी हातात 7 येतात. अ‍ॅव्हरेजचं कलम. मला हा शुद्ध अन्याय वाटला. नुकसान विमा रकमेच्या आत असताना कापायचं कशाला? अजूनही पूर्ण पटलेलं नाही, काकू. निदान पॉलिसी विकताना हे कुणी तोंडाने सांगायला हवं होतं. तुम्ही म्हणालात, सगळ्याच पॉलिसींत ते सारखं नसतं, काहींत सूट असते, म्हणून तर वाचायचं. आम्ही घर घेतलं तेव्हाचा आकडा दरवर्षी तसाच पुढे ढकलत आलो होतो. बांधकामाचा खर्च तेवढ्यात कुठल्या कुठे गेला.

त्याशिवाय कपाटाच्या वयाचा घसारा, सुरुवातीची वजावट, आणि एल्बोची किंमत तर मिळणारच नाही. फुटलेल्या पाइपने केलेलं नुकसान मिळतं, पाइप आपला आपण बदलायचा. आठवड्याभराने कंपनीचा आकडा आला तो तुमच्या पाकिटावरच्या आकड्याला जवळजवळ चिकटून होता. जवळजवळच, कारण तुम्ही व्हाउचरवर सही करू दिली नाहीत. "'पूर्ण आणि अंतिम' लिहिलंय. आधी तपशील मागवा." तपशील आला आणि त्यात फरशीखालचा थर बदलायचा खर्च राहून गेलेला सापडला. एक ईमेल केला, तो मिळाला. कुणी भांडलं नाही, कुणी माफीही मागितली नाही.

म्हणूनच ती कंपनी चांगली की वाईट, या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. ज्या कंपनीने माझा एक शब्द पकडून दार लावलं, तिनेच पुरावा पाहिल्यावर ते उघडलं. पण ज्याच्या खालच्या मजल्यावर तुम्ही नाही, त्याने काय करायचं?

त्या काळात संध्याकाळी तुमच्याकडे बसून ऐकलेल्या गोष्टी मात्र क्लेमपेक्षा जास्त लक्षात राहिल्या. 1666 मध्ये लंडन जळालं आणि त्यानंतर निकोलस बार्बन नावाच्या माणसाने 1681 मध्ये घरांच्या आगीच्या विम्याचं ऑफिस काढलं. लाकडी घराला विटांच्या घराच्या दुप्पट हप्ता. पुढे विमा उतरवलेल्या घरांच्या दर्शनी भिंतीवर कंपन्या आपल्या खुणेचा धातूचा पत्रा ठोकायच्या. "तेव्हा विमा भिंतीवर दिसायचा," तुम्ही म्हणाला होतात, "आता फाइलमध्ये झोपतो." नूतनीकरणाच्या दिवशी आमची फाइल बाहेर आली. जमिनीची किंमत सोडून फक्त बांधकामाच्या खर्चावर रक्कम नव्याने काढली आणि शेजाऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी घेणारं कलमही जोडून घेतलं. ते तुमच्यासाठी आहे, उशिरा सुचलेलं.

कारण परवा मी तुमच्याकडे डबा परत द्यायला आले, तेव्हा तुम्ही आतल्या खोलीत होतात आणि मी मान वर केली. डाग तसाच आहे. पंख्यापासून खिडकीपर्यंत, कडेला तपकिरी, मधे पापुद्रे सुटलेले. पाकिटावरची आकडेमोड आता मलाही येते, काकू. एवढं छत खरवडून, पुटी भरून, रंगवायचं म्हणजे वजावटीच्या आत बसत नाही. तुम्ही क्लेम का केला नाहीत, ते मी विचारणार नाही.

रंगारी येत्या रविवारी सकाळी नऊला येतोय. माप घेऊन गेलाय, तुम्ही बँकेत गेला होतात तेव्हा. पलंग ह्यांनी सरकवायचा, असं ठरलंय. तुम्ही फक्त पंख्याखालची पुस्तकं तेवढी हलवून ठेवा.

आपली,
वरच्या मजल्यावरची