वजन आपोआप उतरत असेल तर पोटही तपासा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वजन कमी कसे करावे याविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ छापून येते; पण काहीही न करता ज्याचे वजन उतरत चालले आहे, त्याने काय करावे हे क्वचितच वाचायला मिळते. आपल्या इंदूरच्या मराठी घरांत तर अशा बाईचे हळदीकुंकवाला "किती छान बारीक झालीस!" म्हणून कौतुक होते, आणि माणूस वयस्कर असेल तर "आता वयच झाले" एवढ्यावर विषय मिटतो. यात तपासणीचे मोलाचे महिने निघून जातात, म्हणून हा पत्रप्रपंच.

आहार-व्यायामात बदल न करता 6 ते 12 महिन्यांत वजन 5 टक्क्यांहून अधिक घटले, तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे, असा वैद्यकातला सर्वसाधारण ठोकताळा आहे. 60 किलोंच्या माणसाच्या बाबतीत हे अवघे 3 किलो होतात, आणि म्हणूनच ते सहज नजरेतून सुटतात. घरात काटा नसला, तरी कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेले नवे भोक किंवा शिंप्याकडे आत घ्यायला दिलेली ब्लाउजे तीच गोष्ट सांगत असतात. साखर आणि थायरॉइड यांची तपासणी बहुतेक जण करून घेतात, आणि ते योग्यच आहे. मात्र ती ठीक आली की घरचे निर्धास्त होतात. भूक चांगली लागत असेल, तर पोटात काही दोष असेल असे कुणाच्या मनातही येत नाही.

माझ्या नात्यातल्या एका तरुण मुलीला रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या पुनःपुन्हा दिल्या गेल्या, तरी हिमोग्लोबिन वाढेना आणि वजन उतरतच राहिले. जुलाब होत नव्हते, त्यामुळे पचनाचा संशय फार उशिरा आला. निदान झाले ते सिलिअॅक आजाराचे. गहू आणि जव यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे अशा रुग्णाची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. लोह शोषले जाते ते याच आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, मग गोळ्या लागू पडणार कशा? गहू खाणाऱ्या उत्तर भारतात हा आजार दक्षिणेपेक्षा अधिक आढळतो, आणि आपण माळव्यातले मराठी लोक तर सकाळी पोह्यांबरोबर जिलबी, दुपारी पोळी आणि सणावाराला बाफले खाणारे. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि त्यानंतर दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा यांवरून निदान होते. इथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो: कुणाच्या सांगण्यावरून तपासणीआधीच गहू सोडू नये, कारण गहू बंद केल्यावर या तपासण्या फसव्या येऊ शकतात. निदान झाल्यावर मात्र पथ्य कडक आणि जन्मभराचे असते. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ चालतात. पण चक्कीवर गव्हामागोमाग दळलेली ज्वारी चालत नाही, आणि डबीतल्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो, हे त्या घरातील स्वयंपाक करणाऱ्याला कुणीतरी समजावून सांगितले पाहिजे.

आतड्याचा क्षयरोगही आपल्याकडे दुर्मीळ नाही. खोकला नसतो, छातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. पोटात उजवीकडे खाली दुखणे, संध्याकाळची कणकण आणि घटणारे वजन एवढ्याच खुणा कधी कधी असतात. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आणि पोषणासाठीची मदतही नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 1,000 रुपये झाली आहे. त्यामुळे खर्चाच्या किंवा लोकांच्या भीतीने कुणी घरी बसू नये. तेलकट, दुर्गंधीयुक्त आणि पाणी ओतूनही न जाणारा मळ होत असेल, तर स्वादुपिंडाचा विचार करावा लागतो. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि त्याबरोबर वजनही घटू लागले, तर केवळ साखरेच्या गोळ्यांवर न थांबता स्वादुपिंडाच्या तपासणीविषयी डॉक्टरांना विचारावे. साध्या सोनोग्राफीत पोटातील वायूमुळे ते नीट दिसतेच असे नाही. शौचातून जाणारे रक्त मूळव्याधीचे समजून वर्षभर मलमे लावत बसणे किंवा दोन घासांत पोट भरल्यासारखे वाटणे अंगावर काढणे, हेही तितकेच धोक्याचे. प्रत्येक वेळी कर्करोगच निघतो असे मुळीच नाही. वृद्धांच्या बाबतीत कधी कधी सैल झालेली कवळी किंवा मनाची उदासी एवढेच कारण असते, तर काही वेळा सर्व तपासण्या करूनही काहीच सापडत नाही. अशा वेळी दर महिन्याला वजन करून डॉक्टरांना दाखवत राहणे हाच मार्ग उरतो.

आपल्या दैनिकामार्फत शहरातील मराठी मंडळांना माझी विनंती आहे. गणेशोत्सवातील आरोग्य शिबिरांत रक्तदाब आणि साखर तपासली जाते. तिथे वजनाचा काटाही ठेवावा, प्रत्येकाला तारखेसह वजन लिहिलेले कार्ड द्यावे, आणि पुढच्या वर्षी येताना ते सोबत आणायला सांगावे. मागच्या आकड्याशी ताडून पाहिल्यावर ज्याचे वजन विनाकारण घटलेले दिसेल, त्याला शिबिरातल्या डॉक्टरांनी तिथेच पोटाच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी.

आपला,
एक वाचक
रामबाग, इंदूर