आप्पांच्या गाडीचा ब्रेक

प्रिय बंड्या,

दिवाळीपासून तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत, रागावला असशील. राग जरा बाजूला ठेव. आप्पांच्या गाडीचा ब्रेक बूस्टर, इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा तो डबा, मी अंगणातच बदलला, आणि हे ऐकून उडी मारणारा माझ्या ओळखीत तू एकटाच.

आईचा गुडघा तसाच. माझं बीपी गोळीवर ठीक.

पाटणहून येताना पेडल दगडासारखं कडक झालं. ब्रेक लागत होता, पण सगळा जोर लावल्यावर. घरी आल्यावर तू दाखवलेली परीक्षा केली. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबलं आणि पाय तसाच ठेवून चावी मारली. पेडल जरा खाली जायला हवं, ते हललंच नाही. पायाशी फुस्स आवाज आणि इंजिन थरथरतंय. पाइप, व्हॉल्व्ह चांगले होते, म्हणजे बूस्टरमधला रबरी पडदा, डायफ्रामच गेला.

चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचे नट सहज निघाले. पण डॅशबोर्डखाली उताणं पडून पेडलची पिन आणि बूस्टरचे चार नट काढायचे म्हणजे! वरच्या नटाला हात पोचतो तर पाना फिरत नाही. बूस्टर तिरका केला तर आतून ब्रेक ऑइल ओघळलं. सिलिंडरचं मागचं सील गळत होतं, त्याच ऑइलनं डायफ्राम खाल्ला. नुसता बूस्टर बदलला असता तर नवाही गेला असता, म्हणून सिलिंडरही नवा आणला. मग ऑइलमधली हवा काढायला पेडलवर कोण? आई! मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. "दाबलंय रे!" असं खणखणीत ओरडायची की शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन उभ्या. मी चाकाजवळचं हवा सोडायचं निपल आवळेपर्यंत तिनं पाय एकदाही सोडला नाही.

आता चावी मारली की पेडल छान खाली जातं. झोप उडालीय ती बूस्टरच्या पुढच्या, सिलिंडर दाबणाऱ्या दांडीपायी. ती जरा लांब राहिली तर पाय काढला तरी ब्रेक पुरता सुटत नाही, चाकं तापतात, आणि घाटात ऑइल उकळलं तर पेडल थेट तळाला. जुन्या-नव्याचं माप जुळवलंय, जॅकवर चाकं हातानं फिरवून पाहिलीत, मोकळी आहेत. मलकापूरपर्यंत जाऊन आलो, चाकं गार. पण तो सपाट रस्ता. आईला ताईकडे चिपळूणला जायचंय, म्हणजे कुंभार्ली घाट. "आप्पांच्या गाडीनंच जाईन," एवढंच म्हणते, आणि तिला नाही म्हणवत नाही.

त्याच घाटात तू पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडायचास. पोफळीला चहा गार होईस्तोवर भांडलो होतो. इंजिन बंद म्हणजे व्हॅक्यूम बंद, साठलेला दोन-तीन दाबांत संपतो, मग सगळा भार पायावर. "माझा पाय आहे ना!" म्हणालेलास. पाटणच्या रस्त्यावर तुझा तो पाय मला हवा होता!

बदलीचं काय झालं? पोरीची दहावी कशी गेली? वहिनींना नमस्कार.

एका रविवारी ये. आधी आपण दोघंच घाट उतरू, दुसऱ्या गिअरमध्ये आणि इंजिन चालू ठेवून. खाली पोफळीला चारही चाकांजवळ हात धरून बघ. तू ठीक म्हणालास तरच आईला नेईन. येताना तुझं मापाचं व्हर्निअर आण, माझं ताईच्या पोरानं नेलंय.

तुझाच,
बाळ्या