आमच्या डोंगरांना तोंड नव्हतेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील ज्वालामुखींवरचे पान वाचले. चित्र झकास आहे. टोकदार डोंगर, माथ्याला भोक, भोकातून लाल कारंजे. तेवढ्यावर थांबला असतात तर पत्र लिहिले नसते. पण शेजारच्या चौकटीत बेळगाव परिसरातले सपाट माथ्याचे डोंगर म्हणजे विझलेले ज्वालामुखी, ‘तोंडे स्फोटात उडालेले’, असे ठोकून दिले आहे. उडायला आधी तोंड असावे लागते.

आपल्याकडचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला आणि थरावर थर पसरत गेला. आजही त्याने सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. सह्याद्रीत काही ठिकाणी त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर भरते. आपला जिल्हा त्याच्या दक्षिण काठावर, म्हणून इथे तो पातळ. सपाट माथे म्हणजे हे आडवे थर झिजून उरलेले तुकडे, काहींवर जांभ्याची टोपी. भेगेचा उद्रेक माणसाने पाहिलेलाही आहे. आइसलंडमधील लाकीची 27 किलोमीटरची भेग 1783 च्या जूनपासून आठ महिने लाव्हा ओकत होती. मागे बुटक्या शंकूंची रांग तेवढी राहिली.

राहिला ‘स्फोट’. कुंदा आटवणाऱ्याला विचारा. दूध पातळ आहे तोवर बुडबुडे येतात नि मुकाट फुटतात. घट्ट होत आले की तेच बुडबुडे शितोडे उडवून हात पोळतात. शिलारसाचे, म्हणजे वितळलेल्या खडकाचेही तसेच. खोलवर दाबाखाली त्यात पाण्याची वाफ आणि वायू विरघळलेले असतात. वर येताना दाब उतरतो आणि बुडबुडे धरतात. बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, सिलिका (वाळूतले मुख्य द्रव्य) पन्नास टक्क्यांच्या आसपास, तापमान 1100 ते 1200 अंश सेल्सिअस, म्हणून तो पातळ आणि वायू सहज निसटतात. सिलिका साठ-सत्तर टक्क्यांवर गेली की रस चिकट होतो, वायू कोंडतो आणि मग 18 मे 1980 ला अमेरिकेत सेंट हेलेन्सचे झाले तसे होते: डोंगराची उंची 400 मीटरने घटली. बेसाल्टही पाण्याशी गाठ पडल्यास फुटतो, हे मान्य. पण म्हणून सरसकट सगळ्यांचीच तोंडे उडवायची?

पृथ्वीच्या पोटात, तुमच्या पानावर आहे तसा, ‘लाव्ह्याचा समुद्र’ही नाही. भूकवचाखालचा जाड थर, म्हणजे प्रावरण, घनच आहे. द्रवातून जाऊ न शकणाऱ्या भूकंपलहरी त्यातून आरपार जातात. तप्त खडक वर सरकून दाब कमी झाला, किंवा जपान-इंडोनेशियासारखे खाली घुसणाऱ्या भूपट्टाने पाणी पुरवले, तरच त्याचा थोडा अंश वितळतो.

चौकट लिहिणाऱ्याने चिकोडी-निपाणीकडच्या एखाद्या कोरड्या विहिरीत डोकावायचे होते. खाली घट्ट काळा पाषाण, सुरुंगाशिवाय न हलणारा. त्याच थराचा वरचा भाग मांजऱ्या, म्हणजे वर चढलेले बुडबुडे साय धरताना अडकले त्या पोकळ्या. पुढे त्यांत झिरपत्या पाण्याने पांढरे खडे भरले. त्यावर कुठे कुठे गेरूचा तांबडा पट्टा, म्हणजे पुढचा लाव्हा येईपर्यंत ऊन-पावसाने त्या थराची माती केली. पाणी मिळते ते झिजलेल्या मांजऱ्यात आणि सांध्यांत. अखंड पाषाणात बोअर कितीही खोल मारा, धूळच वर येते. गेरू मऊ, भोकात ढासळतो, तिथे केसिंग वाचवले की बोअर बुजलीच. एवढे आमच्या पाणाड्यालाही ठाऊक आहे, आणि त्याची पुरवणी निघत नाही.

त्याच पानावर गोकाकचा धबधबा ‘लाव्ह्याच्या कड्यावरून’ कोसळतो. तो कलादगीचा वालुकाश्म आहे हो, दख्खनच्या लाव्ह्याहून कितीतरी जुना.

आणि जाता जाता: गेल्या महिन्यातील प्रश्नमंजूषेत लोणार हे ‘मृत ज्वालामुखीचे मुख’ असे उत्तर होते. ते उल्कापाताचे विवर आहे, बेसाल्टात पडलेले. दुरुस्ती आली ती वधू-वर जाहिरातींच्या खाली, दीड ओळीत. या वेळी निदान चित्राएवढी जागा द्यावी.

आपला,
एक वाचक, निपाणी