दादाची तपासणी तेवढी करून घ्या

स्टुटगार्ट, 4 जानेवारी

तीर्थरूप आई-आप्पांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. येळवसीच्या सणाचे फोटो मिळाले. भज्जी आणि आंबील बघून त्या दिवशी इथला घास गोड लागला नाही.

आई, परवा फोनवर माझी खिडकी सताड उघडी दिसली म्हणून तू रागावलीस. अगं, इथली रीतच आहे ती. बाहेर बर्फ असला तरी सकाळ-संध्याकाळ सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं उघडायच्या. घरं इतकी बंदिस्त असतात की श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ भिंतीवर बसून बुरशी धरते. माझ्या भाडेकरारातसुद्धा तसं लिहिलंय. हापिसातही कुणीतरी मधेच उठून खिडकी उघडतं. मी तेवढा वेळ स्वेटर घालूनच बसतो, छातीत गारठा बिरठा काही भरत नाही.

गल्लीतल्या पोराला सदतिसाव्या वर्षी अटॅक आला, तेव्हापासून तू माझाच घोर लावून घेतलायस. मी सिगारेट ओढत नाही, भाकरी मिळत नसली तरी डाळ-भाजी रोज करतो. इथं विमेवाले 18 ते 34 मध्ये एकदा आणि पुढं दर तीन वर्षांनी तपासणी करून देतात, तीही झाली. कोलेस्टेरॉल जरा वर होतं. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, वडिलांना कितव्या वर्षी अटॅक आला? मी एक्कावन्न म्हणालो आणि त्यांनी लिहायचं थांबवून माझ्याकडं पाहिलं.

वडील किंवा भाऊ 55 च्या आत, आई किंवा बहीण 65 च्या आत हृदयविकारानं आजारी पडली असली तर तो धोका मुला-भावंडांच्या खात्यावर धरतात. आप्पा, तुमचं आता 67 वय आहे. तुमच्या वयाला बीपी, शुगर आणि इतक्या वर्षांत कडक झालेल्या रक्तवाहिन्या यांचं भय जास्त. म्हणून बरं वाटलं की गोळी बंद, हे करू नका. आणि शुगरवाल्याची छाती दुखेलच असं नाही. नुसता दम लागला, दरदरून घाम आला तरी 108 ला फोन लावा.

तरुणपणी अटॅक येतो त्यांच्यात तंबाखू, बिघडलेलं कोलेस्टेरॉल आणि घराण्याचा वारसा जास्त सापडतो. 52 देशांत मिळून एक अभ्यास झाला होता, 2004 साली छापून आला. त्यात भारत आणि शेजारच्या देशांतल्या लोकांना पहिला अटॅक साधारण 53 व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्यांना जवळपास 59 व्या. म्हणजे सहा वर्षं आधी.

हे सगळं दादावर येऊन थांबतं. रक्त तेच, वय 38 आणि खिशात पुडी. गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे म्हणे, पण गावात कुठल्या टपरीवर मिळत नाही? छातीत जळजळलं की पित्त म्हणून सोडा पितो, हे वहिनीनं मला सांगितलं. तिला बोलू नका. आप्पा, तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा शेवटच्या वर्षाचं कॉलेज सोडून तो रानात उतरला, म्हणून मी लातूरला बारावी करू शकलो. हे मी त्याला कधी तोंडानं बोललो नाही. पुडी सोडली तर धोका उतरतो, एवढं त्याला माझ्या नावानं सांगा.

20 हजार पाठवलेत. सोसायटीच्या हप्त्याला लावू नका. लातूरला नेऊन त्याचा ईसीजी, शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉल करा. लायपोप्रोटीन ए नावाची रक्तातली चरबी मोजायची तपासणीही विचारा, ती चरबी बहुतेक वारशानंच येते, तपासणी आयुष्यात एकदा केली तरी पुरते. सोयाबीन भाव नाही म्हणून घरात ठेवलंय ना, घाईनं विकू नका, हप्त्याचं मी मार्चमध्ये बघतो.

परभणीच्या स्थळाला मे म्हणून सांगा. मुलीचा फोटो पाहिला, मला नाही म्हणायचं काही कारण नाही. पण तिला इकडं यायचंय का, हे आईनं तिलाच विचारावं. रजा तीनच आठवडे मिळतीय. मागच्या वेळी आलो नाही याचा राग धरू नका.

दादाचा रिपोर्ट आला की त्याच दिवशी फोटो पाठवा, रात्र असली तरी चालेल.

तुमचा,
बाळू