वराडच्या नातवाची आई

संपादक महोदय,

परदेशात मोठ्या पदांवर पोहोचलेल्या भारतीय वंशाच्या नेत्यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांच्याविषयी लिहिताना मालवण तालुक्यातले वराड आले, डॉक्टर वडील अशोक वराडकर आले, गावातला आनंदोत्सव आला. आई मात्र ‘आयरिश पत्नी’ एवढ्यावरच आटोपली. मी मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होते, निवृत्तीनंतर कुडाळला राहते. वराडचा अभिमान मलाही आहे. पण ती आई नर्स होती, आणि तिला असे गाळलेले पाहून मला राहवले नाही.

त्यांचे नाव मिरियम. माहेर आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे, वॉटरफर्ड परगण्यातले डंगार्व्हन. महायुद्धानंतर इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा उभी राहिली ती बरीचशी बाहेरून आलेल्या माणसांच्या जिवावर. आपल्याकडून डॉक्टर गेले, आयर्लंडमधून हजारो मुली नर्सिंगला गेल्या. साठच्या दशकात मुंबईहून गेलेले डॉक्टर आणि डंगार्व्हनहून आलेली सिस्टर यांची गाठ पडली लंडनजवळच्या स्लाऊमध्ये. तिथे परके दोघेही होते, हे आपल्या लेखांत कधीच येत नाही. १९७१ मध्ये लग्न झाले, लेस्टरला थोरली मुलगी झाली, मग काही काळ भारतात राहून पाहिले आणि १९७३ मध्ये ते डब्लिनला स्थायिक झाले. म्हणजे शेवटी बिऱ्हाड थाटले ते बाईंच्या देशात. नाहीतर १९७९ मध्ये जन्मलेला हा मुलगा आयर्लंडच्या राजकारणात पोहोचला असता कसा?

अशोकरावांचा दवाखाना डब्लिनच्या ब्लँचर्ड्सटाऊन भागात होता. वडील हिंदू, आई कॅथलिक, मुले आईच्या धर्मात वाढली. लहानपणीच लिओ आईच्या मैत्रिणींना सांगत, मी आरोग्यमंत्री होणार. दोघेही आरोग्यसेवेतले असलेल्या घरात मुलांच्या कानावर दिवसभर काय पडत असेल, ते मी सांगू शकते. रुग्णाचे दुखणे तर पडतेच, पण त्याच्याकडे औषधाला पैसे आहेत का, वरच्या रुग्णालयात खाट मिळेल का, हेही पडते. आमच्या घरातही जेवताना हेच विषय असत.

ट्रिनिटी कॉलेजातून २००३ मध्ये डॉक्टर झालेल्या लिओंनी परळच्या केईएममध्येही काही काळ इंटर्न म्हणून काम केले. पालिकेच्या रुग्णालयातला इंटर्न म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले त्यांनाच कळेल. आमच्या वॉर्डात दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी घालून रुग्ण असत. त्यांना सलाइन लावायला इंटर्न गुडघ्यांवर बसत, एका हाताने बाटली धरून दुसऱ्याने शीर शोधत. केसपेपरचा गठ्ठा, रक्ताचे नमुने, नातेवाइकांची रडारड, सगळे त्यांच्याच अंगावर. डब्लिनहून आलेल्या मुलाने आपल्या मुंबईतली ही शिकवणी पत्करली, याचे मला फार कौतुक वाटते.

आणि राजकारणातली सुरुवात त्यांना सोपी गेली नाही. १९९९ मध्ये, विशीत, स्थानिक निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. २००४ मध्ये फिंगल परगण्याच्या कौन्सिलवर निवडून आले ते पहिल्या पसंतीची देशात सर्वाधिक मते घेऊन. तिकडे मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात, त्यामुळे दारोदार फिरल्याशिवाय भागत नाही. ‘वराडकर’ हे आडनाव घेऊन ते फिरले आणि लोकांनी ते आडनाव पहिल्या क्रमांकावर ठेवले. त्या मतदारांचेही श्रेय मोजायला हवे. २००७ मध्ये ते संसदेत गेले, २०१४ मध्ये खरोखरच आरोग्यमंत्री झाले आणि १४ जून २०१७ रोजी, अडतिसाव्या वर्षी, पंतप्रधान.

त्यांचे सगळेच मला पटते असे नाही. २००८ च्या मंदीत बेरोजगार परदेशी कामगारांना पैसे देऊन मायदेशी पाठवण्याची कल्पना त्यांनी मांडली होती. स्थलांतरिताच्या मुलाच्या तोंडी ती शोभत नव्हती, असे माझे स्पष्ट मत आहे. आरोग्यमंत्री असताना सहा वर्षांखालील मुलांना डॉक्टरची मोफत तपासणी सुरू झाली, हे मोठे काम. पण खाट मिळेपर्यंत रुग्णांनी ट्रॉलीवर ताटकळायचे, हे काही थांबले नाही.

२०१५ च्या जानेवारीत, मंत्रिपदावर असताना, छत्तिसाव्या वाढदिवशी त्यांनी रेडिओवर आपण समलिंगी असल्याचे सांगितले. त्याच वर्षी मे महिन्यात आयर्लंडने जनमत घेऊन समलिंगी विवाहाला मान्यता दिली. २९ डिसेंबर २०१९ रोजी ते वराडला आले तेव्हा आईवडील, बहिणी आणि जोडीदार बरोबर होते. गावाने सगळ्यांचे प्रेमाने स्वागत केले. आपला लेख जोडीदाराचा उल्लेखही टाळतो. गावाला जे अवघड गेले नाही, ते वृत्तपत्राला का जावे?

२०२० मध्ये करोना आला तेव्हा या पंतप्रधानांनी डॉक्टर म्हणून पुन्हा नाव नोंदवले आणि आठवड्यातून एक पाळी ते फोनवरून रुग्णांची विचारपूस करू लागले. कोणी म्हणाले, दिखावा. मी नाही म्हणणार. तेव्हा आमच्यातल्या कितीतरी निवृत्त सिस्टरही पुन्हा कामावर गेल्या होत्या. त्या का गेल्या, ते मला ठाऊक आहे. मार्च २०२४ मध्ये त्यांनी पद सोडण्याचे जाहीर केले आणि त्या वर्षअखेरची निवडणूकही लढवली नाही.

आज मिरियमबाईंचा प्रवास उलट दिशेने चालू आहे. आपल्या मुली नर्सिंगसाठी आयर्लंडला जात आहेत. माझी भाचीही तिकडे आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात तिथे भारतीयांवर हल्ले झाले, १ ऑगस्टला डब्लिनच्या आपल्या दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. त्या दिवसांत भाची रात्रपाळी संपली की बससाठी एकटी थांबत नसे, दोघीतिघी मिळून निघत. भारतीय वंशाच्या नेत्यांवर आपण पान भरून लिहिता, तसे एक पान या मुलींना द्या. त्यांना पगार किती, घरभाडे किती, नोंदणीच्या परीक्षेला काय लागते, अडचणीत कोणाकडे जायचे, हे आमच्या जिल्ह्यातल्या पालकांना मराठीत वाचायला मिळू द्या.

– एक निवृत्त परिचारिका, कुडाळ