ईमच्या रविवारबद्दल, सर्व सदस्यांसाठी

मंडळी, ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आपण डर्बीशरमधल्या ईम गावी 'प्लेग संडे'च्या प्रार्थनेला जातोय. ही नेहमीची सहल नाही, एवढं मनात असू द्या. १६६५ साली लंडनहून आलेल्या कापडासोबत इथे प्लेग आला. शेजारच्या गावांना लागण होऊ नये म्हणून पुढच्या वर्षी पाद्री विल्यम मॉम्पेसन यांच्या सांगण्यावरून गावकऱ्यांनी स्वतःच वेशी बंद करून घेतल्या. सुमारे २६० माणसं गेली. त्या दिवसांत चर्च बंद ठेवून प्रार्थना कक्लेट डेल्फच्या मोकळ्या घळीत होऊ लागली, आणि ही प्रार्थनाही तिथेच असते. बसायला सतरंजी आणा, गवत ओलं असू शकतं.

नंतर शेजारच्या स्टोनी मिडलटन गावाच्या वाटेवरचा सीमेचा दगड पाहू. नाण्यांवरून लागण होऊ नये म्हणून त्याच्या भोकांत व्हिनेगर ओतून ईमकर नाणी ठेवत, शेजारचे लोक अन्न ठेवून जात. मुलांना भोकात बोट घालून पाहू द्या, दगडावर मात्र चढू देऊ नका.

विहिरी सजवायच्या इथल्या प्रथेप्रमाणे विहिरींपाशी ओल्या मातीत एकेक पाकळी दाबून केलेली चित्रं असतील. गावातली माणसं त्यासाठी कितीतरी दिवस खपतात, कृपया हात लावू नका.

रस्ते अरुंद आहेत, म्हणून चौघांत एक गाडी. नावं गुरुवारपर्यंत कळवा.